समजा, जावई गेला

माझा धंदा वाईट बोलण्याचा आहे. राईस मिलवाले, पतसंस्था आणि जंगलपट्टीत काम करणाऱ्या काही सामाजिक संस्था मला पैसे देतात ते एवढ्यासाठीच, की त्यांचं काय काय बिघडू शकतं ते मी त्यांना आधी सांगावं. कार्डावर मी 'वित्त व जोखीम सल्लागार' असं छापून घेतलं आहे. गोंदियात त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. शेजारच्या काकू मला विमा एजंट समजतात आणि मी दिसलो की रस्त्याच्या पलीकडे जातात.

अडचण अशी, की वाईट बोलायची आपल्याकडे पद्धतच नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, तेही वाढवतात. अशा माणसांकडे मी 'तुमचा धंदा कशाने बुडेल?' हा प्रश्न घेऊन जातो आणि वर त्याची फी मागतो. कोहमाऱ्याच्या एका ट्रकमालकाने मी 'अपघात' हा शब्द उच्चारल्याबरोबर माझ्या तोंडात पेढा कोंबला होता. पेढा चांगला होता, त्यामुळे पुढचे धोके मी सावकाश सांगितले.

नागझिऱ्याकडे एक संस्था आहे. मोहफुलं वेचणाऱ्या बायकांसोबत तिचं काम चालतं. देणगीदाराने जोखमींची यादी मागितली म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी फळ्यावर 'काय काय होऊ शकतं?' असं लिहिलं आणि खडू पुढे केला. चहा झाला, पोहे झाले, पण खडू कोणी घेईना. जंगलाला लागून बसलेली ती माणसं, आणि वाघाचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. शेवटी एक कार्यकर्ता म्हणाला, "सर, तुमीच लिवा ना. तुमी लिवून गोंदियाले चालले जासान. आमाले इतंच राहाचं हाय." सगळी यादी मीच लिहिली, आणि ती फार सुंदर सहभागातून तयार झाली आहे असं देणगीदाराने कळवलं.

हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं होतं तोवर मला त्याची गंमत वाटायची. मग ते माझ्या सासुरवाडीला येऊन बसलं.

माझ्या सासऱ्यांची तिरोडा रस्त्यावर उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल होती. धान उकडायचं, वाळवायचं, भरडायचं. मिलचे मालक तेच, मुनीम तेच, आणि बॉयलर पेटवायचा तोही त्यांना विचारून. बँकेत सही चालायची ती त्यांच्या एकट्याची. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात, आणि त्या घेतल्या का असं विचारलं तर राग. हंगामात धान घेण्यासाठी बँक त्यांना दरवर्षी कर्ज द्यायची. त्या वर्षी मॅनेजर नवा आला आणि त्याने एकच गोष्ट विचारली, मालकानंतर व्यवहार कोण पाहणार? त्याची व्यवस्था दाखवा, मग हंगामाचं बघू.

प्रश्न रास्त होता. मी तिथे सल्लागार असतो तर मीही तोच विचारला असता.

सासऱ्यांना मुलगी एकच, म्हणजे माझी बायको. ती गोंदियात शाळेत शिकवते. पुतणे मात्र भरपूर. ते पोळ्याला यायचे, दिवाळीला यायचे आणि पाया पडून झालं की मिलच्या आवारात डोळ्यांनी मोजमाप करत हिंडायचे. उद्या सासऱ्यांचं काही झालं असतं तर खातं गोठलं असतं, हंगाम हातचा गेला असता, पुतणे मदतीला धावले असते आणि सासूबाईंना आपल्याच घरात दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं असतं. सगळ्यात जास्त जायचं होतं ते त्यांचं. आणि हे विचारायची सगळ्यात जास्त चोरी होती तीही त्यांनाच. कपाळावर कुंकू असलेली बाई नवऱ्याला 'तुम्ही गेल्यावर माझं काय?' असं विचारू शकत नाही. विचारलं तर तिने ते मागून घेतलं असं होतं.

बायको मला म्हणाली, "आई विचारू शकत नाही. मी विचारलं तर बाबा जेवण सोडतील. तुम्ही तर पैसे घेऊन विचारता. तुम्ही विचारा."

जावयाने सासऱ्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. सासऱ्याच्या मरणाची चौकशी करणारा जावई आणि आवारात हिंडणारा पुतण्या यांत लोकांना फार फरक दिसत नाही. तरी मी धीर केला. मिलच्या ऑफिसात बसून म्हणालो, "मामाजी, समजा उद्या तुम्ही..."

"उद्या मी रायपूरले जाऊन राहिलो," ते म्हणाले.

पुढच्या वेळी मी 'तुम्ही नसताना' असा सभ्य शब्द वापरून पाहिला. त्यांनी त्याचंही उत्तर तयार ठेवलं होतं. "मी नसन तवा मिल बंद ठेवाची. बिजली तरी वाचते." दोन्ही वेळा मला चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं. मला भयंकर राग आला. इतक्या मिलवाल्यांना मी सरळ केलं होतं, आणि हा एक माणूस मला पाहुणचार करून हरवत होता.

तशात एका रविवारी आम्ही दोघं तिकडे जेवायला गेलो. जेवणं झाली. सासरे दिवाणावर टेकले होते. सासूबाई खाली भिंतीशी बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. मॅनेजरचा पुन्हा फोन येऊन गेल्याचं सासऱ्यांनी स्वतःच सांगितलं, आणि वर म्हणाले, "त्याले म्हना, मी कुटी चाललो नाई."

माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "ठीक आहे. तुम्ही कुठे जात नाही. तुम्ही अमर आहात. समजा, मी मेलो."

बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते 'समजा' तिथेच खरं व्हावं. सासूबाईंचा सुपातला हात थांबला. सासऱ्यांचा चेहरा मात्र खुलला. ते उठून मांडी घालून बसले.

"हं," ते म्हणाले. "हे बोला."

आणि खरंच बोलू लागले. घर कोणाच्या नावावर? दोघांच्या. विमा? आहे. त्यावर नाव कोणाचं? तुमच्या पोरीचं. पीपीएफ? मी एकेक सांगत गेलो. माझं सगळं चोख होतं, धंदाच तो आहे. पण मला मारायला ते इतक्या उत्साहाने बसले होते की काहीतरी उणं निघाल्याशिवाय त्यांना सोडवेना. "आन तुमचं हापिस? थे कोन पाहीन?"

"ते बंद होईल," मी म्हणालो.

"काऊन बंद? चालता धंदा काऊन बंद?"

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. या घरात इतकी वर्षं जाऊन मी त्यांना व्यवहारावर एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. सुपात बघतच त्या म्हणाल्या, "जवाईबापू गेले तं माह्या पोरीनं कोनापाशी जावं? दिरापाशी?"

"दिरापाशी कायले जाईन?" सासरे म्हणाले. "तिचं नाव आधीच टाकाव लागते."

"नाव टाकलं, आन तिले काईच समजत नसन तं?"

"समजत नाई तं समजवाव. खुर्चीवर बसवाव. सई कराची सवय लावाव."

"लोक म्हनतीन, बाईले काय समजते."

"म्हनू दे. लोकाईच्या बापाची मिल हाय का?"

तो 'मिल' शब्द कसा निघाला ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी एकदम पंख्याकडे पाहिलं. माझ्या ऑफिसात एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत, मिल नाही.

सासूबाईंनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. "आन हे कवा कराव?" त्यांनी विचारलं. "मानूस असतानीच ना?"

मेलेल्या माणसाने मध्ये बोलणं शोभत नाही म्हणून मी उठलो आणि माठातलं पाणी प्यायलो. परत आलो तेव्हा सासरे सुपाकडे पाहत होते.

"लाखोरीत लई खडे हायेत का?" त्यांनी विचारलं.

"हायेत," सासूबाई म्हणाल्या.

मग ते मला म्हणाले, "वकिलाले इचारून ठेवा. या हप्त्यात जाऊ."

गेलो. भागीदारीचा करार झाला. सासरे, सासूबाई आणि माझी बायको असे तिघं भागीदार, एकजण गेला तरी मिल चालू, आणि बँकेत सासूबाईंच्या सहीलाही तोच अधिकार. वकिलाने सहज विचारलं, काका, अचानक कसं काय? आता सासऱ्यांच्या तोंडून खरं कारण निघणं शक्यच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "जवायाच्या तब्येतीचं काई खरं नाई." बँकेतही त्यांनी हेच सांगितलं. मॅनेजरने माझ्याकडे बघून फाइल फार हळू, आवाज न करता मिटली.

गोंदिया केवढं, ते गोंदियात राहिल्याशिवाय कळत नाही. आठवड्याच्या आत माझ्या घरी सफरचंदं येऊ लागली. एका मिलवाल्याने वर्षाचं काम थांबवलं. "साहब, पहले आप ठीक हो जाओ. काम तो होता रहेगा." शेजारच्या काकू रस्ता ओलांडून स्वतःहून अलीकडे आल्या आणि मी विमा वेळेवर काढला होता का, हे त्यांनी बायकोला विचारलं. नागझिऱ्याच्या त्या संस्थेतून फोन आला, "सर, तुमच्यानंतर आमचा अहवाल कोण लिहीन?" माझ्या आयुष्यात कोणत्याही अशिलाने आपणहून ओळखलेली ती पहिली जोखीम. मी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं.

सासूबाई मिलवर जाऊ लागल्या. सासरे शिकवताना आरडाओरडा करायचे. "सई म्हंजे नक्षी नाई, लवकर कर!" त्या लवकर करत नसत. पोत्यातल्या धानाची ओल, भुशाचा ढीग बॉयलरपासून किती लांब हवा, कोणता व्यापारी गोड बोलतो, हे सगळं ते ओरडूनच सांगायचे. मला वाटतं, त्या वर्षात ते दोघं जेवढं बोलले तेवढं लग्नापासून बोलले नसतील.

पुढच्या हंगामात धानाच्या गाड्या लागायला सुरुवात झाली आणि सासरे गेले. दुपारी, ऑफिसात, खुर्चीवर. मला फार वाईट वाटलं. आणि मी, लोकांच्या अंधश्रद्धांना हसणारा माणूस, कितीतरी दिवस मनातल्या मनात तेच घोकत होतो, की मी तर माझं नाव घेतलं होतं, त्यांचं नाही. हा विचार मी बायकोलासुद्धा सांगितलेला नाही.

तेरवीला पुतणे वेळेवर हजर होते. थोरला म्हणाला, "काकू, तुमी टेन्शन घेऊ नोका. सह्याबिह्या आमी पाहून घेऊ."

"सई माही चालते," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू वाढला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि बायकोला मिलवर बोलावलं. बॉयलर पेटला होता, उकडलेल्या धानाचा वास आवारभर होता. त्या सासऱ्यांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोरच्या चेकांवर त्यांनी सह्या केल्या, नेहमीसारख्या सावकाश. मग पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता त्या रडतील. मी खिशात रुमाल चाचपला.

"बसा जवाईबापू," त्या म्हणाल्या. "समजा, मी मेली."

"आई! असं काय बोलते तू?" बायको ओरडली.

"तू चूप. बोलाले आता मले कोनाची मनाई हाय?" त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "आन फुकट नाई इचारून राहिली, तुह्या नवऱ्याले फी देईन. हं, बोला जवाईबापू. मी मेली. मंग?"