उस्तादाचं बोट

शीतगृहाचा वायरमन स्वतःला उस्ताद म्हणवून घ्यायचा. टेस्टर म्हणजे त्याच्या मते भित्र्यांचं खेळणं. नवी माणसं कामाला लागली की हा पठ्ठ्या त्यांना गोळा करायचा, उघड्या तारेला बोट लावायचा आणि म्हणायचा, "बघा, वीजसुद्धा माणूस ओळखते!" लोक आ वासून बघत राहायचे. त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या मेव्हण्याला मात्र शिसारी यायची. पण बहिणीचा नवरा पडला, बोलणार काय? घरी जेवायला बसलं तरी तेच बोटपुराण, आणि ताई आपली कौतुकाने वाढतेय.

त्या दिवशी पॅनेलमधली तांब्याची पट्टी सैल झाली होती. "मेन बंद केलाय. घाल हात आणि कस बोल्ट," असं फर्मावून उस्ताद स्टुलावर चहा पीत बसला.

मेव्हण्याने आधी टेस्टर टेकवला. दिवा लागला.

मेन बंद झाला की मागचा जनरेटर आपोआप सुरू होतो आणि याच पॅनेलला वीज देतो, हे पॅनेलच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. पण पाटी वाचली असती तर उस्तादाची शान गेली असती ना!

"दाजी, हे चालू आहे."

"टेस्टर बिघडलाय तुझा."

"बिघडलेला टेस्टर पेटत नाही."

"मी सांगतोय ना, बंद आहे! दोन पोरांचा बाप झालास, अजून घाबरतोस?"

पोरांचं नाव निघालं आणि मेव्हण्याचं डोकं फिरलं. तो बाजूला सरला. "मग लावा तुमचं बोट."

पॅनेलचं दार मात्र त्याने हातात धरून ठेवलं. उस्ताद खरंच बोट लावायला गेला तर आधीच दार आदळून बंद करायचं, एवढी माणुसकी त्याच्यात शिल्लक होती.

उस्ताद उठला, दोन पावलं आला आणि थांबला. "आज बोट जरा दुखतंय," तो म्हणाला.

मेव्हण्याला सगळं उमगलं. इतकी वर्षं हा माणूस आधी स्वतःच बंद केलेल्या तारांना बोट लावत आला होता. आणि आज स्वतःचं एक बोट न देणारा हा शूरवीर बायकोच्या भावाचे दोन्ही हात आत घालायला निघाला होता.

मेव्हण्याने जाऊन जनरेटर बंद केला, मेन आणि जनरेटर, दोन्हींच्या स्विचना कुलपं घातली आणि किल्ल्या खिशात टाकल्या. परत येऊन पुन्हा टेस्टर टेकवला. आता दिवा लागला नाही. मगच त्याने पाना उचलला.

"तुझ्या ताईला यातलं काही सांगू नकोस," उस्ताद म्हणाला. मेव्हण्याचा जीव वाचला त्यापेक्षा घरातलं कौतुक वाचवायची त्याला जास्त काळजी.