मंडळाची टाकी, चौदावा मजला

अन्याय झाला तो माशांवर. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता.

लालबागची आमची चाळ त्या दिवशी रिकामी व्हायची होती. समोर टॉवर तयार होता, सामान फक्त रस्ता ओलांडून न्यायचं होतं. लाइट संध्याकाळपर्यंत चालू राहील, असं बिल्डरच्या माणसाने भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं. अकराला त्याच माणसाने मेन स्विच पाडला. लोकांनी शिव्या घातल्या आणि पिशव्या उचलून निघाले. मंडळाच्या खोलीत कॅरमच्या टेबलामागे माशांची टाकी होती, तिची मोटर बंद पडली, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्याही नाही. मी खाली गेटवर बिल्डरविरुद्ध घोषणा देत होते.

संध्याकाळी वर गेले तेव्हा बारके मासे पाण्यावर आडवे तरंगत होते. एकटा ऑस्कर जातीचा मोठा मासा जिवंत होता, त्याला आम्ही ऑस्करच म्हणायचो. नारिंगी-काळा, हातभर, वर तोंड काढून हवा ओढत होता. या माशाला सगळी चाळ ओळखायची. ड्युटीवरून येणारा प्रत्येक जण काचेवर टिचकी मारून त्याला चिमूटभर दाणे घालायचा, आणि तोही कुणीही आलं तरी धावत यायचा.

टाकी कुणी न्यायची? नवीन टॉवरमध्ये मंडळाला खोलीच नाही. प्रत्येकाला आपापला फ्लॅट मिळाला, सगळ्यांचं असं जे काही होतं ते करारात कुठे लिहिलेलंच नव्हतं. जिन्यात उभ्या असलेल्यांना विचारलं तर सगळे म्हणाले, "बघू." एकाने तर म्हटलं, "तूच ने गं, तुला सवय आहे लोकांची कामं अंगावर घ्यायची."

नेली. चौदाव्या मजल्यावर.

मी चाळीच्या भाडेकरू समितीची. पत्रकं लिहिणं, वाटणं, माइक हातात घेणं, हे मला येतं. मासे पाळणं येत नव्हतं. आई-बाबा ताबा घेऊन महिन्याभरात मालवणला गावी गेले, बाबांना लिफ्टची भीती बसली होती. घरात मी आणि ऑस्कर.

त्या टाकीत फिल्टर आतच बांधलेला होता. मागच्या काचेलगत आणखी एक काच उभी चिकटवून अरुंद कप्पा केलेला. वरच्या खाचांतून पाणी त्यात पडायचं, स्पंजमधून खाली झिरपायचं आणि तळाची मोटर ते परत पुढे फेकायची. बारीक माशांसाठी ठीक होतं ते. हातभर ऑस्करची घाण त्या बोटभर स्पंजला झेपत नव्हती, आणि मोटर तर आता नुसती घुरघुरायची. नवी आणली ती कप्प्यात शिरेना. पाणी चहासारखं दिसायला लागलं. मासा कोपऱ्यात कललेला.

क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला एक मासेवाला आहे, त्याच्याकडे गेले. तो फोटो बघून हसला. "मॅडम, ये तो म्युझियमचा माल आहे. मागचा कप्पा ठेवा, त्यातली मोटर काढा, खाली भोक मारा. पाणी पाइपने खालच्या टाकीत उतरू द्या, तिथे साफ करा, मोठ्या मोटरने वर पाठवा. यालाच सम्प बोलतात."

"भोक पाडताना काच फुटली तर?"

"तो मग नवीन टाकी घ्या ना माझ्याकडून!"

ऑस्करला पाण्याच्या निळ्या ड्रममध्ये ठेवला, हवेची नळी लावून. टाकी रिकामी करून पालथी घातली. हिऱ्याचं बिट भाड्याच्या ड्रिलला लावलं. बिट गरम झालं की काच तडकते, म्हणून भोवती पाणी साठवायला कडं लागतं. गणपतीच्या कारखान्यातून शाडूचा गोळा मागून आणला होता, त्याचंच कडं केलं. मग दाबलं. काच किरकिरत राहिली, मी श्वास धरून बसले. चकती खाली पडली तेव्हा ओरडलेच, "झालं!"

ऐकायला कोण होतं? चाळीत या आवाजाला चार दारं उघडली असती, आणि तिघांनी तरी माझं चुकतंय म्हणून सांगितलं असतं.

भोकात पाइप जोडायचा टँक कनेक्टर बसवला, कडेने सिलिकॉन लावून ते वाळू दिलं. खालच्या कपाटात दुसरी टाकी. पाणी आधी कापसातून, मग सच्छिद्र खड्यांमधून, शेवटच्या खणात मोटर. पाणी वर चढलं, मागच्या कप्प्यात पडलं, खाली उतरलं. मी तोऱ्यात एक परीक्षा घेतली: लाइट गेले तर? स्विच बंद केला.

मोटर थांबली, पण पाणी थांबेना. वर जाणाऱ्या पाइपचं तोंड मी टाकीत खोल बुडवलं होतं. त्याच पाइपने पाणी उलटं खेचलं जाऊ लागलं. खालची टाकी भरली, वाहिली, पाणी लादीवरून दाराखालून बाहेर लॉबीत गेलं. मी पाइप वर उपसला आणि चादरी टाकत सुटले. एवढ्यात फोन वाजला. बिल्डिंगचा ग्रुप. "१४ फ्लोअर लॉबी इज वेट. प्लीज लुक इनटू इट." खाली दुसऱ्याचं, "सिक्युरिटी???" त्याखाली आणखी एकाचा अंगठा. सगळे माझ्याच मजल्यावरचे, माझ्याच चाळीतले. माझ्या दारापासून दहा पावलांवर बसून टाइप करत होते. दार एकाचंही उघडलं नाही. मी एकटीने लॉबी पुसली.

उपाय सोपा निघाला. त्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर छोटं भोक पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की पाइपमध्ये हवा शिरते आणि खेच तुटते. खालच्या टाकीत तेवढी जागा मोकळी सोडायची. दुसऱ्या वेळी थेंब सांडला नाही. काही दिवसांत पाणी इतकं स्वच्छ झालं की मासा हवेत लटकल्यासारखा दिसायचा.

एक गोष्ट मात्र रोजची झाली. पाणी वाफ होऊन कमी होतं ते मोटरच्याच खणात. भर घातली नाही तर मोटर कोरडी पडून जळते. आणि तेव्हाच गावाहून आईचा फोन, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं म्हणून.

"ये गो चार दिस. बाबांक काय्येक जमणा नाय."

"येतंय."

"आणि त्या माश्याक कोण बघतला?"

चार दिवस मासा उपाशी राहू शकतो. पाणी घालायला मात्र माणूस हवा. समोरच्या फ्लॅटमधल्या काकींकडे गेले. चाळीत या काकी कडी न वाजवता आमच्या स्वयंपाकघरात यायच्या, कढईतलं चाखून मीठ कमी आहे म्हणायच्या. आता त्यांनी साखळी न काढता फटीतून बघितलं.

"काकी, किल्ली ठेवाल चार दिवस? रोज एक तांब्या पाणी ओतायचंय फक्त."

"अगं ठेवली असती गं. पण काही झालं-बिलं तर? तू समितीवाली. उद्या माझ्यावरच पत्रक काढशील!"

हसल्या. मीही हसले. दार लागलं. बाकीच्या दोन बेलांना कॅमेरे होते, ते माझ्याकडे बघत राहिले.

शेवटी मासेवाल्यालाच फोन केला. "किल्ली-बिल्ली कशाला मॅडम? भरलेली बादली वर ठेवा, नळीला छोटा बॉलकॉक लावा. पाणी उतरलं की आपोआप भरेल. माणसाचं टेन्शनच नको."

लावला. गावी गेले. आईच्या डोळ्यात औषध घालताना सारखी मला इथली मोटर ऐकू यायची. परत आले, दार उघडलं. पाणी खुणेवर बरोबर, मोटर चालू, ऑस्कर ठणठणीत. एक थेंब कुठे चुकला नव्हता.

मी बॅग न उतरवता तिथेच लादीवर बसले आणि मला भयंकर राग आला. बिघडलं असतं तर निदान कुणाला तरी जाब विचारता आला असता. काहीच बिघडलं नव्हतं. एका अख्ख्या चाळीचं काम प्लास्टिकचा बोंडाएवढा बॉलकॉक करत होता, आणि नीट करत होता. उद्या याच लादीवर मी पडले तर ग्रुपवर काय येईल, ते मला आत्ताच सांगता येतं.

म्हणून पत्रकात लिहितात तसं सरळ लिहिते. आज संध्याकाळी शेजारची बेल वाजवा. आपली किल्ली त्यांच्या हातात ठेवा आणि त्यांची मागून घ्या. नाही म्हणाले तर उद्या परत जा.