पोच न देणारा सर्व्हर

उत्तर मिनेसोटातल्या आमच्या टेलिफोन सहकारी संस्थेचं नेटवर्क डोरीन स्कोगस्टाड एकटी सांभाळते. शनिवारी सभासदांची वार्षिक सभा होती आणि भांडणाचा विषय एकच : नेटवर्क बाहेरच्या कंपनीच्या हाती द्यायचं का? नेमकं त्याच आठवड्यात संध्याकाळ झाली की निम्म्या गावाचं इंटरनेट जोडलंच जाईना.

तारा धड होत्या. कोण सभासद कधी जोडला, कधी सुटला, याची नोंद ठेवणारा सर्व्हर अडत होता. राउटर नोंद पाठवतो. पोच आली नाही की तीच पुन्हा पाठवतो. नोंदी साठवणारा डेटाबेस सुस्त म्हणून पोच नाही, आणि पोच नाही म्हणून नोंदींचा आणखी मारा. त्या गर्दीत नव्या माणसाला आत घ्यायला सर्व्हरला सवडच नाही.

डोरीनने डिस्क बदलली, मेमरी वाढवली. फरक शून्य. अध्यक्ष मर्लिन टॉफ्ट कॉफीचा कप घेऊन रोज तिच्या दारात उभे.

"रीस्टार्ट करून पाहिलंस का गं?"

"मर्लिनकाका, आता तुम्हालाच रीस्टार्ट करीन."

"बरं बाई. जुन्या नोंदी मात्र पुसू नकोस. सभासदांच्या आहेत त्या."

शुक्रवारी संध्याकाळी तिने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं : डेटाबेस या क्षणी कशात गुंतलाय, ते उघडून पाहिलं. वरपासून खालपर्यंत एकच प्रश्न. 'सध्या किती सभासद जोडलेले आहेत?' विचारत होता लॉबीतला टीव्ही. मर्लिनना तो आकडा भिंतीवर हवा होता, आणि आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. दर काही सेकंदांनी डेटाबेस त्यासाठी स्थापनेपासूनची एकूण एक नोंद चाळत होता. नोंदी मेमरीत मावत होत्या तोवर हे कुणाला जाणवलं नाही. आता एक उत्तर येईपर्यंत पुढचे प्रश्न रांगेत.

"कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?" डोरीन ओरडली. खाली नाव तिचंच होतं.

तिने टीव्ही बंद केला, सगळ्या नोंदी न चाळता हवी ती सापडावी म्हणून इंडेक्स लावला, जुन्या नोंदी वेगळ्या टेबलात हलवल्या. पोच पुन्हा झटपट जाऊ लागली.

शनिवारी शाळेच्या जिममध्ये हॅमचं जेवण झाल्यावर ती उभी राहिली आणि चूक माझीच, म्हणून सगळं सांगितलं. मेमरी, इंडेक्स, सगळं. लोक जेवणानंतरचा ॲपल-पाय कापून खात बसले होते. मग हात वर झाले. कंपनीचा प्रस्ताव पडला, थोड्याच मतांनी.

बाहेर गाड्यांपाशी एका सभासदाने तिला गाठलं. "मी तुझ्याच बाजूने हात वर केला हं. तू काय बोललीस ते काही कळलं नाही. पण काल हॉकीचा सामना एकदाही अडकला नाही."

डोरीनने कपाळाला हात लावला आणि गाडी सुरू केली.