आठ पिल्लं आणि सासूबाईंचं पान

आमच्या भागात शेतकऱ्याची अब्रू धुऱ्यावर ठरते. सोयाबीन कसंही असो, बांधावर गवताची काडी दिसता कामा नये. अहमदपूरजवळ आमचं शेत आहे. माझा नवरा घरात स्वतःचा टॉवेल उचलत नाही, पण धुऱ्यावर गवत दिसलं की त्याला अन्न गोड लागत नाही.

तीनेक वर्षांपूर्वी भादव्यात तो तणनाशकाचा पंप पाठीला लावून निघाला आणि तितराची मादी त्याच्या पायाजवळून फडफडत निघाली. मागे आठ पिल्लं. अंड्यातून कालपरवाच निघालेली, आणि तरी तुरूतुरू पळत होती. माझी लेकरं वर्षभर मांडीवरून खाली उतरली नव्हती, त्यामुळं मला त्या मादीचा हेवाच वाटला. मी नवऱ्याला पंप उतरवायला लावला.

मग शहाणपणा केला तो मीच. पिल्लांना खायला म्हणून रोज मूठभर ज्वारीच्या कण्या टाकायला लागले. पिल्लांनी त्यांना तोंड लावलं नाही. कावळे मात्र वेळेवर यायला लागले. चौथ्या दिवशी मोजली तर पिल्लं पाचच भरली.

शेजारच्या शेतातले चाचा शेळ्या घेऊन आले होते. त्यांनी कण्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"भाभी, एवढ्याशा पिल्लाला दाना चालत न्हाई. त्याला मुंग्या, वाळवी लागती. ते गवतातच मिळतं, अन् लपायला बी तेच. उडता येईस्तोवर गवताला हात लावू नका."

म्हणजे कावळ्यांना आवतण मीच दिलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याचा राग मी अर्थातच नवऱ्यावर काढला.

तेवढ्यात पितृपक्षातली सासूबाईंची तिथी आली. त्यांचा जीव शेतात, म्हणून पान दरवर्षी धुऱ्यावरच ठेवायचं. त्यासाठी सगळा धुरा साफ करायचा, असा नवऱ्याचा हट्ट. भांडून भांडून मी त्याला पाटाएवढ्या जागेवर आणलं. तेवढंच सारवलं, खीर-वडे वाढले आणि तो हात जोडून "काव काव" करायला लागला.

कावळा आला, पण पानाकडे पाहीना. बाभळीवर बसून त्याचं सगळं लक्ष गवतात. नवऱ्यानं सासूबाईंना बोरवेल कबूल केली, धाकट्या बहिणीचं लग्न कबूल केलं. कावळा ढिम्म. मग एकदम पंख मिटून तो गवतात झेपावला, आणि मी हाताला लागलं ते ढेकूळ फेकलं.

नेम लागला नाही. कावळा पुन्हा बाभळीवर गेला. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आईला ढेकूळ मारलंस तू."

मी म्हटलं, हो, मारलं. तीन गेली ती माझ्या हातानं गेली, आता चौथं जाऊ देणार नाही. बोलता बोलता मला रडू फुटलं आणि मी मटकन खाली बसले.

त्यानं पुन्हा हात जोडले. मग बाभळीकडे तोंड करून हळूच म्हणाला, "आई, धुरा काढत न्हाई मी. आता तरी जेव."

कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला. मी ढेकूळ फेकायचं सोडून खाली बसले म्हणून तो उतरला असणार, हे मला कळत होतं. पण सांगून काय उपयोग होता?

आमच्या धुऱ्यावरचं गवत गुडघ्याएवढं झालं. येणारे-जाणारे हसले. पाचातलं एक मुंगसानं नेलं, पण बाकीची चार माझ्या डोळ्यांदेखत भुर्रकन उडून तुरीत शिरली. आईनं राखली, असं नवरा गावभर सांगत फिरतो.

मी मधे बोलत नाही. सासूबाईंचं आणि माझं जन्मभरात एकाही गोष्टीवर पटलं नाही. या चारांवर पटलं असं लोक म्हणतात, तर म्हणू देत.