किल्ल्यावरची धोबीण

मुलाकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा त्याने वसाहतीच्या काळातला, सरहद्दीवरचा एक किल्ला दाखवला. किल्ला कसला, लाकडी कुंपणच! सुटीच्या दिवशी तिथे हौशी माणसं त्या काळचे शिपाई होऊन वावरतात. एक बाई पिंपात शिपायांचे सदरे धूत होती. म्हणाली, "आमच्या घराण्यातली मार्था इथे हेच काम करायची." मार्था राखेपासून साबण कसा करायची, केस कशाने बांधायची, हिला सगळं ठाऊक! माझ्या पोटात दुखायला लागलं.

आमचे पूर्वज सह्याद्रीतल्या एका गडावर पहारेकरी होते. गडाखालच्या आमच्या शाळेत दरवर्षी नाटक व्हायचं. राजा व्हायला भांडणं. पहारेकऱ्याला भाला देऊन कोपऱ्यात उभं करायचे. त्याची बायको तर नाटकात नसायचीच. एवढा गड राखला, पण त्यावरची एक चूल कुणी लक्षात ठेवली नाही.

"तुमच्याकडच्या बायका गडावर काय करायच्या?" आमचेही पूर्वज गडावर होते म्हटल्यावर त्या बाईने विचारलं.

मी तोऱ्यात सांगत सुटले. आमची गोदा रिठ्याने कपडे धुवायची, टाक्याचं पाणी भरायची, दरवाजाशी नवऱ्याला भाकरी नेऊन द्यायची. सगळं मनाचं, नावसुद्धा.

बाईने ओले हात पुसून वही काढली. नाव नीट लिहिता यावं म्हणून मला पुन्हा म्हणायला लावलं.

"गोदा," मी म्हणाले. या वेळी तोऱ्यात नाही.