सहा तारांचा जोड

माझे वडील पहूरकडे केळीचे घड वाहायचे. कापलेला घड खांद्यावर घेऊन मळ्यातून गाडीपर्यंत. केळीच्या चिकाचा काळा डाग कपड्यावरून जात नाही. आमच्या घरात डाग नसलेला शर्ट एकच, माझ्या गणवेशाचा. गाडीत एखादा घड खरचटलेला दिसला की मुकादम वडिलांकडेच बघायचा. तो घड कापणाऱ्याच्या हातातून आलेला, पुढे रचणाऱ्याच्या हातात गेलेला. पण बोट खांद्यावाल्याकडे. दुसऱ्या दिवशी काम नाही, आणि मग आईने शेजारून पीठ मागून आणायचं. वडील कधी उलट बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा मला जेवढा राग यायचा, तेवढा मुकादमाचाही येत नव्हता.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. जळगावच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. आता धुळ्यात एका लहान इंटरनेट कंपनीत आहे. गावोगावी पाण्याच्या टाकीवर आमचे रेडिओ असतात, ताटाएवढे, हवेतून नेट पकडणारे. त्यांच्यासाठी वर वेगळी वीज नेत नाहीत. खाली पंचायतीच्या ऑफिसात पॉवरचा छोटा डबा असतो, तो नेटच्याच केबलमधून वर वीज पाठवतो. केबलमध्ये आठ बारीक तारा. चार नेटच्या, चार विजेच्या.

साक्रीच्या पुढे डोंगराकडच्या एका गावात हा रेडिओ सारखा बंद पडायचा. केबल एका कंत्राटदाराने टाकलेली. आमचे साहेब मला म्हणाले, "पंचायतीचा शिपाई प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावतो, असं कंत्राटदार सांगतोय. जाऊन ये आणि तसं लिहून दे."

बघायच्या आधीच काय लिहायचं ते ठरलेलं!

शिपाई म्हणजे साठीकडे झुकलेले आबा. त्यांच्या तोंडावरच ग्रामसेवक मला म्हणाले, "मॅडम, सोमवारच्या सभेत यांना कमी करतोय. रेशन दुकान उघडलं की नेट जातं. मशीन अडकतं, लोक माझ्या अंगावर येतात."

"भाऊसाहेब, त्या डबाले मी हात बी लावस नही," आबा म्हणाले. "बठ्ठा लोक मनंच नाव लेतस." मग माझ्याकडे वळले. "पोरी, मना मोबाईल साधा शे. चार-चार दिन चार्जिंग टिकस. मी कसाले प्लग काढू?"

ऑफिसातली माणसं हसली. मला हसू आलं नाही.

मी आबांना बाहेर झाडाखाली बसवलं. ग्रामसेवकांना म्हटलं, खुर्ची घ्या आणि या डब्यासमोर तुम्ही स्वतः बसा. मग रेशनचं मशीन, शाळेतले कॉम्प्युटर, पंचायतीचं काम, सगळं एकदम सुरू करायला लावलं. थोड्या वेळात नेट गेलं. प्लग जागेवर, डब्याचा दिवाही चालू.

"आता कोणी काढला, भाऊसाहेब? तुम्ही?"

कंत्राटदाराला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "ताई, तुमचा रेडिओच खराब असेल. आमची पोरं कितीतरी वर्षं विहिरीच्या मोटारी जोडतात. तुम्ही नवीन शिकलेल्या दिसता. घरात पहिल्याच का?"

"हो, पहिलीच. मीटर घेऊन टाकीवर चढतेय. फोन ठेवू नका."

वर मोजलं. खालून पुरेशी वीज निघत होती, पण रेडिओपाशी पोचेपर्यंत निम्मी वाटेतच संपत होती. काम कमी असलं की तेवढ्यावर रेडिओ कसाबसा चालायचा. सगळे एकदम नेट वापरायला लागले की त्याला जास्त वीज लागायची, ती मिळायची नाही, आणि तो बंद पडायचा. खाली उतरले आणि केबल धरून चालत गेले, ग्रामसेवक आणि आबा माझ्या मागोमाग. शाळेच्या पत्र्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला जोड सापडला. केबल कमी पडली म्हणून दोन तुकडे जोडलेले, अगदी मोटारीच्या वायरला देतात तसा पीळ. पट्टी सोडली. आठ तारांपैकी सहाच जोडलेल्या. विजेच्या दोन तारा कापून मोकळ्या सोडलेल्या.

"अहो, प्लसला एक, मायनसला एक पुरे की," फोनवरून उत्तर आलं. "मोटारीला कुठे दोन-दोन लावतो?"

मोटारीची वायर केवढी जाड, आणि ही केसासारखी! बारीक आहे म्हणूनच दोन-दोन दिलेल्या असतात. एवढं डब्यावर चित्र काढून दाखवलेलं आहे, ते बघायचे कष्टही नकोत.

"म्हणजे तारा तुम्ही कापल्या आणि घरी आबांनी बसायचं?"

"चूक कोणाचीही होते, ताई."

"आबांचं नाव सांगताना हे नाही सुचलं?"

ग्रामसेवक म्हणाले, मिटवून टाका. आबासुद्धा म्हणाले, "जाऊ दे ना, पोरी." माझं डोकंच फिरलं. का जाऊ द्यायचं? त्या माणसाची भाकरी जात होती! मी आठही तारा तात्पुरत्या नीट जोडल्या, सगळं पुन्हा एकदम सुरू केलं आणि सगळ्यांना तिथेच उभं केलं. नेट गेलं नाही. मग सापडलं ते जसंच्या तसं लिहिलं आणि ग्रामसेवकांना मोठ्याने वाचायला दिलं. साहेबांना नंतर ते आवडलं नाही. नसेना का.

सोमवारच्या सभेत आबांना कमी करायचा विषय निघाला नाही. कंत्राटदाराला ऑफिसपासून टाकीपर्यंत नवी, जोड नसलेली केबल टाकून द्यावी लागली. आबांची माफी मात्र कोणी मागितली नाही, आणि तो राग माझ्या मनात अजून आहे. पण त्या गावात आता रेशन, शाळा आणि पंचायत एकाच वेळी नेटवर चालतात, आणि आबा आजही पंचायतीत कामावर आहेत.