मेलेल्यांची नावं

एबिसावा क्योहेई क्योतोच्या सिनेमा स्टुडिओत तेवीस वर्षं सामुराई होता. बाप फुशिमीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात बंब पेटवायचा. पोरानं पडद्यावर हजारेक माणसं कापली. तलवार बांबूची, वर्ख चढवलेली, आणि घाव अंगापासून चार बोटांवर थांबवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मरणारे मात्र तेच ते, नेहमीचे. त्यातल्या एकाचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं, हेही सांगून टाकतो. मोठा माणूस ना!

मग एका दुपारी त्याच्या तलवारीनं त्या मरणाऱ्यांतल्या तारुईचं कपाळ फुटलं. रिवाजाप्रमाणे एबिसावा साकेची बाटली घेऊन त्याच्या घरी गेला आणि चटईला डोकं टेकवलं.

"उठा साहेब," तारुई म्हणाला. "हात चुकला नाही तुमचा. तुम्हाला दिसत नाही. कधीपासून?"

एबिसावानं डोकं वर केलं. "दोन वर्षं झाली. डावीकडचं तर काहीच नाही."

"आणि सिनेमातली शेवटची लढाई? बारा जण आहोत आम्ही."

"डायरेक्टर म्हणतो, हात चुकायला लागला तुमचा, बदली माणूस घेऊ, पाठमोरा. दुसऱ्याच्या पाठीनं लढू मी? मेलो तरी नाही."

"मरायचं काम आमचं," तारुई हसला. "उद्या सकाळी स्टुडिओजवळच्या देवळामागं या. आमच्या जागा ठरलेल्या. आवाज कुणाचा ते ओळखलंत, की तो कुठं आहे ते कळेल. पण नावं पाठ करावी लागतील."

दुसऱ्या दिवसापासून डोळ्यांवर पंचा बांधून तालीम सुरू झाली. पहिलाच फटका सोमेयाच्या कानावर बसला.

"तेवीस वर्षं मारताय साहेब, आता तरी ओळखा," सोमेया कान चोळत म्हणाला.

एबिसावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गडी हटला नाही. आठ दिवस, रोज शंभर वेळा.

चित्रीकरणाला तारुई टोपाखाली पट्टी बांधून आला. बारा आरोळ्या, बारा घाव, सलग. डायरेक्टर "झालं" म्हणाला, तरी एबिसावा तलवार उगारूनच उभा.

"कुणाला लागलं?" त्यानं विचारलं.

"किहारा. नाही लागलं," वाळूत पडलेल्यांतून आवाज आला. मग सोमेया, मग एकेक करत तारुईपर्यंत सगळे बोलले. कुणालाच लागलं नव्हतं.

एबिसावानं तलवार खाली ठेवली. "मला दिसत नाही," तो डायरेक्टरला सगळ्यांदेखत म्हणाला. "ही माझी शेवटची लढाई. पडद्यावर या बाराजणांची नावं आली पाहिजेत. माझ्याएवढ्याच अक्षरांत."

"मरणाऱ्यांची नावं कुणी घालतं का? आणि आम्हाला ती माहीतही नाहीत."

"मला आहेत. लिहून घ्या," एबिसावा म्हणाला आणि किहारापासून एकेक नाव सांगू लागला.